गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची यादी कशी वाचायची

सीएसआयआर-नेटचा निकाल लागतो, जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळते आणि मग खरा प्रश्न समोर येतो: पीएचडीची पुढची पाच वर्षं कुणाच्या लॅबमध्ये काढायची? बहुतेक जण गूगल स्कॉलरवर सरांचं किंवा मॅडमचं नाव टाकतात, उजवीकडच्या चौकटीतले सायटेशनचे, म्हणजे इतर पेपरांनी केलेल्या उल्लेखांचे, तीन आकडे बघतात, आणि "यांचा एच-इंडेक्स २८, त्यांचा १६च" एवढ्यावर निवड उरकतात. मोबाइलचा रिचार्ज प्लॅनसुद्धा आपण यापेक्षा कसून तपासतो.

रेण्वीय जीवशास्त्रात ही चौकट जास्तच फसवते. इथे एका पेपरवर चार नावं असतात तशी चारशेही असतात. प्रोटीन मोजायची एक साधी रंगचाचणी लाखांनी सायटेशन घेऊन जाते, आणि पुढे नोबेल मिळालेला शोध वर्षानुवर्षं कुणाच्या खिजगणतीत नसतो. आकडे बघूच नयेत असं नाही, पण ते शेवटी बघावेत. आधी माणूस नक्की कोण ते ठरवायचं, मग पेपरांची यादी करायची, मग प्रत्येक पेपरवर त्याचं नाव कुठे आहे ते बघायचं, दोन-चार पेपर खरोखर वाचायचे, आणि मग आकड्यांकडे वळायचं. दोन संध्याकाळी पुरतात आणि लागणारी जवळपास सगळी साधनं फुकट आहेत.

हा लेख पीएचडीसाठी गाईड शोधणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. निवड समितीवर बसणाऱ्यांना किंवा पुरस्कारासाठी नावं सुचवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, फक्त शेवटचा भाग त्यांनी सोडून दिला तरी चालेल.

आधी नाव पक्कं करा

पबमेड ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची मोफत सूची. तिथे लेखक शोधताना आधी आडनाव आणि मग आद्याक्षरं टाकतात. "पाटील एस" किंवा "जोशी ए" टाकून बघा. हजारोंनी पेपर येतील: कुणी हृदयरोगतज्ज्ञ, कुणी दंतवैद्य, कुणी ऊस संशोधन केंद्रातले. मराठी आडनावांची ही अडचण चिनी आडनावांइतकी नसली तरी तिच्या जवळ जाणारी आहे. त्यात आपली नाव लिहायची पद्धत तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तोच माणूस एका पेपरवर "एस. आर. जोशी" असतो, दुसऱ्यावर नुसता "एस. जोशी". संशोधक बाईंनी लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर पीएचडीच्या काळातले त्यांचे सगळे पेपर वेगळ्याच नावावर असतात, आणि वरवर बघणाऱ्याला वाटतं की यांनी कामाला उशिरा सुरुवात केली. हा अन्याय आपल्याकडे सर्रास होतो.

म्हणून पहिल्यांदा ऑर्किड क्रमांक शोधा. २०१२ साली सुरू झालेली ही सोळा स्थानांची ओळख नाव बदललं, संस्था बदलली तरी तीच राहते. लॅबच्या पानावर किंवा अलीकडच्या पेपरात लेखकाच्या नावाशेजारी हिरव्या गोल खुणेमागे तो असतो. पण ऑर्किडवरची माहिती बरीचशी संशोधकाने स्वतः भरलेली असते. कुणी ती वेळच्या वेळी भरतं, कुणी एकदा उघडून विसरून जातं. त्यामुळे ती नोंद आणि पबमेड शेजारी-शेजारी ठेवून बघा. पीएचडी कुठे, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) कुठे, स्वतःची लॅब कधी आणि कुठे सुरू झाली, ही साखळी कागदावर लिहून घ्या. प्रत्येक पेपरवरचा संस्थेचा पत्ता या साखळीत बसायला हवा. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात) असलेल्या माणसाच्या नावावर त्याच वर्षी भलत्याच शहरातल्या दंत महाविद्यालयाच्या पत्त्याचा पेपर दिसला, तर तो बहुधा नामसाधर्म्याचा प्रकार असतो.

गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलबाबत सावध राहा. तिथे पेपर आपोआप जोडले जातात, आणि मालकाने यादी साफ केली नाही तर दुसऱ्यांचे पेपरही आपले म्हणून मिरवत राहतात. आरएनएवर काम करणाऱ्या बाईंच्या यादीत काँक्रीटच्या मजबुतीवरचा पेपर आढळला तर लबाडीचा आरोप करायची घाई करू नका, दुर्लक्ष झालं असेल. मात्र ही व्यवस्था किती सहज वाकवता येते हेही माहीत असावं. २०२४ साली दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर अर्थहीन पेपर तयार करून इंटरनेटवर चढवले, आणि गूगल स्कॉलरने त्या मांजराला ११ चा एच-इंडेक्स देऊन टाकला. सायटेशन विकत देणाऱ्या दलालांची युक्ती उघडी पाडण्यासाठी हा खटाटोप होता.

यादी हाताने करा

एक्सेल किंवा गूगल शीट उघडा आणि स्तंभ पाडा: वर्ष, जर्नल, पेपरचा प्रकार, लेखक किती, आपल्या माणसाचं नाव कितवं, सायटेशन किती, आणि शेवटी एका ओळीत पेपर काय म्हणतो. पन्नास-साठ पेपर असतील तर हे काम दीड-दोन तासांचं. कंटाळा येईल, पण याच कामात माणूस कळतो.

या सगळ्यात प्रकाराचा स्तंभ सगळ्यात बोलका. मूळ संशोधनाचा पेपर वेगळा, आढावा घेणारा रिव्ह्यू वेगळा, पद्धत सांगणारा मेथड पेपर वेगळा, डझनावारी लॅबनी मिळून केलेला कन्सॉर्शियमचा पेपर वेगळा, आणि बायोआर्काइव्हवर पडलेला, अजून पिअर रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांची तपासणी, न झालेला प्रीप्रिंट वेगळा. सायटेशनच्या बाबतीत हे पाचही एकाच रांगेत उभे करता येत नाहीत.

याचं ठळक उदाहरण तुम्ही बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हाताने केलेलं आहे. फोलिन अभिकारक घालून निळा रंग यायची वाट बघत बसता, ती लॉरी मेथड. ऑलिव्हर लॉरी आणि तीन सहकाऱ्यांचा १९५१ सालचा हा पेपर जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीत आला. नेचरने २०१४ मध्ये जगातल्या सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या शंभर पेपरांची यादी छापली, तेव्हा तो ३ लाखांहून जास्त सायटेशन घेऊन पहिला होता. दुसरा होता लेमली यांचा १९७० सालचा एकट्याच्या नावावरचा पेपर, तिसरा प्रोटीन मोजण्याचीच आणखी एक रीत सांगणारा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ सालचा. त्या यादीत शिरायला १२,११९ सायटेशन लागत होती, आणि डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ सालचा पेपर त्या शंभरात नव्हता. लॉरी स्वतःही पुढे म्हणाले होते की हा काही थोर पेपर नव्हे.

लेमलींची गोष्ट आणखी मजेशीर. तो पेपर आहे टी४ या जिवाणूभक्षी विषाणूचं डोकं कसं जुळून येतं यावर. पण त्यात वापरलेली प्रोटीन जेल इतकी चांगली निघाली की जगभरच्या लॅब गेली पन्नास वर्षं तो पेपर जेलसाठीच सायट करत आहेत. विषाणूच्या डोक्याबद्दल त्यात काय लिहिलंय हे सायट करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वाचलं असेल. म्हणजे आकडा अगदी खरा असला तरी तो नेमकी कशाची पावती आहे हे आकड्यावरून कळत नाही.

रिव्ह्यूंचंही तसंच. प्रस्तावना लिहिताना दहा मूळ पेपर शोधण्यापेक्षा एक रिव्ह्यू सायट करणं सोपं, म्हणून रिव्ह्यूंना सायटेशन भराभर मिळतात. एखाद्याच्या यादीतले वरचे पाचही पेपर रिव्ह्यू असतील, तर त्या माणसाला विषय छान मांडता येतो एवढं नक्की सांगता येईल. लॅबच्या बेंचवर काय घडतं ते बघायचं असेल तर यादीत आणखी खाली उतरा.

नावांच्या रांगेत कुठे उभे आहेत?

गणितात बहुधा लेखकांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात. रेण्वीय जीवशास्त्रात क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष प्रयोग केले त्याचं, बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं. शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं. करस्पाँडिंग ऑथर म्हणजे पेपरची जबाबदारी घेणारा. मधली नावं मदतनिसांची: कुणी एक वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची चाचणी) करून दिला, कुणी उंदीर दिले, कुणी सिक्वेन्सिंगचा डेटा तपासला. दोन नावांवर तारांकन असून खाली "समान वाटा" असं लिहिलेलं असेल तर दोघंही फर्स्ट ऑथर. हे तळटिपेतच असतं, पबमेडच्या यादीत सहज दिसत नाही, त्यामुळे पीडीएफ उघडावी लागते.

बऱ्याच जर्नलांमध्ये आता कुणी काय केलं याचं निवेदन असतं. क्रेडिट नावाच्या पद्धतीत १४ भूमिका ठरवून दिल्या आहेत: कल्पना कुणाची, प्रयोग कुणाचे, निधी कुणी आणला, पहिला मसुदा कुणी लिहिला वगैरे. हा परिच्छेद नेहमी वाचा. बाराव्या नावापुढे फक्त "निधी" आणि "देखरेख" लिहिलेलं दिसलं तर काय समजायचं ते समजा. विभागप्रमुखांचं नाव रीत म्हणून घालायची सवय आपल्याकडे काही ठिकाणी अजून गेलेली नाही.

आता तक्त्यावर वरून खाली नजर फिरवा. निरोगी कारकिर्दीत साधारण असं दिसतं: सुरुवातीची काही वर्षं फर्स्ट ऑथर, मग स्वतःची लॅब मिळाल्यावर दोन-तीन वर्षांची मोकळी जागा, आणि मग शेवटच्या स्थानावरचे पेपर. त्या मोकळ्या जागेला घाबरू नका. मशिनं मागवायची, ती कस्टममध्ये अडकायची, पहिला विद्यार्थी तयार करायचा, यात तेवढा वेळ जातोच. बघायचं असतं ते पुढचं. लॅब सुरू होऊन आठ-दहा वर्षं झाली तरी प्रत्येक मोठ्या पेपरवर जुन्या पोस्टडॉकच्या बॉसचं नाव शेवटी आणि आपल्या माणसाचं मध्ये कुठेतरी असेल, तर या लॅबचा स्वतःचा प्रश्न कोणता, हे विचारायला हवं. सहकार्य चांगलंच. पण एकूण सायटेशनचा मोठा हिस्सा मधल्या नावाच्या कन्सॉर्शियम पेपरांतून येत असेल, तर ते पेपर बाजूला काढून यादी पुन्हा बघा. मानवी जीनोमच्या २००१ सालच्या पेपरसारख्या कामांवर शेकडो लेखक असतात. त्या कामाचा मान सगळ्यांचा असला तरी एका लॅबचा दर्जा त्यावरून ठरत नाही.

आता आकडे

एच-इंडेक्स कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. जिथपर्यंत पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनएवढा किंवा कमी आहे, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स.

समजा कुणाचे दहा पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन अशी: ३१०, ४२, ३०, १८, ११, ९, ७, ६, २, ०. सातव्या पेपरला ७ आहेत, आठव्याला ६च, म्हणून एच-इंडेक्स ७. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर पाच, म्हणून आय-टेन इंडेक्स ५. एकूण सायटेशन ४३५, आणि त्यातली ३१० एकट्या पहिल्या पेपरची. तो पहिला पेपर रिव्ह्यू असेल तर हे चित्र एक, स्वतःच्या लॅबचा मूळ शोध असेल तर दुसरं, आणि साठ लेखकांतलं तिसावं नाव असेल तर तिसरंच. एच-इंडेक्स तिन्ही वेळा सातच राहतो.

शिवाय हा आकडा वयानुसार वाढतो, कधी कमी होत नाही. निवृत्त माणसाचाही वाढत राहतो. म्हणून २००५ मध्ये लॅब उघडलेल्यांची आणि २०१९ मध्ये उघडलेल्यांची तुलना एच-इंडेक्सवरून करण्यात काही राम नाही. आकडा लिहिताना कुठून घेतला तेही लिहा. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट सगळंच मोजतं, म्हणून तिथला आकडा जवळपास नेहमीच स्कोपस या वर्गणीच्या सूचीपेक्षा मोठा असतो. स्कोपसवर वर्गणी नसतानाही लेखक शोधून मूळ आकडे बघता येतात.

तुलनेसाठी एक बरं साधन आहे, ते आपल्याकडे फारसं कुणी वापरत नाही: अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट. मोफत आहे. पबमेडच्या प्रत्येक नोंदीला पीएमआयडी नावाचा क्रमांक असतो; तक्त्यातले ते सगळे क्रमांक तिथे चिकटवा. प्रत्येक पेपरपुढे रिलेटिव्ह सायटेशन रेशो येईल. त्याच विषयाच्या आणि त्याच काळाच्या पेपरांशी तुलना करून हा काढलेला असतो. एनआयएचच्या निधीतून झालेल्या पेपरांतल्या मधल्या (मीडियन) पेपराला १ धरलं आहे. भारतातल्या लॅबला अमेरिकी निधीच्या मापाने मोजणं थोडं कडक आहे हे खरं. तरीही यीस्टवर काम करणारी लहान लॅब आणि कॅन्सरवर काम करणारी मोठी लॅब निदान एका मापाखाली येतात. कॅन्सरवर लिहिणारे जास्त, म्हणून सायट करणारेही जास्त. यीस्टवाल्यांचा ४० चा आकडा तिकडच्या १२० च्या तोडीचा असू शकतो. एक-दोन वर्षांच्या आतल्या पेपरांचा हा रेशो मात्र मनावर घेऊ नका, तो अजून हलत असतो.

आणि ती "स्टॅनफर्डची टॉप २ टक्के शास्त्रज्ञांची यादी". दरवर्षी ती आली की कॉलेजच्या गेटवर अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. ही यादी जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून तयार करतात. तिच्यात दोन तक्ते असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. फ्लेक्सवर कोणता ते लिहिलेलं नसतं. गुणांकात एकट्याने लिहिलेले, पहिल्या आणि शेवटच्या नावाचे पेपर वेगळे धरतात, ही त्यातली चांगली गोष्ट. स्वतःची सायटेशन वगळून काढलेला गुणांकही त्यात असतो. फाइल सगळ्यांसाठी खुली आहे, तेव्हा उतरवून घ्या आणि नावापुढचे स्तंभ स्वतः बघा.

जर्नलचं नाव किती मनावर घ्यायचं

थोडंच. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा, पेपरचा नव्हे. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. सरासरीच ती, एका मोठ्या आकड्याने कुठच्या कुठे जाते. अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २.०५१ होता, २००९ मध्ये तो ४९.९२६ झाला. कारण एकच: शेल्एक्स या संगणक प्रणालीचा इतिहास सांगणारा जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक लेख, जो रेणूंची रचना काढणारा प्रत्येक जण सायट करतो. त्या वर्षी त्या जर्नलात ज्यांचे पेपर आले, त्यांच्या पेपरांचा दर्जा काही रातोरात पंचवीसपट झाला नव्हता.

संशोधकाची पारख इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, म्हणजेच डोरा, २०१२ सालच्या बैठकीतून निघाला. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या कक्षामार्फत चालायची; २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता चांगलं जर्नल ओळखायची जबाबदारी संस्थांवर आणि तुमच्यावर. संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, ते जर्नल पबमेडवर किंवा स्कोपसवर सापडतं का, आणि पेपर पाठवल्यापासून स्वीकारेपर्यंत किती दिवस गेले, एवढं तपासा. ती तारीख पहिल्या पानावर असते. चार प्रयोग पुन्हा करायला लावणारा पिअर रिव्ह्यू आठ दिवसांत होत नाही.

सायट करणारे कोण, आणि कशासाठी?

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तक्त्यातून शेवटच्या नावाचे, मूळ संशोधनाचे, तीन ते आठ वर्षं जुने असे चार-पाच पेपर निवडा. गूगल स्कॉलरवर प्रत्येकाखाली त्याला सायट करणाऱ्यांचा दुवा असतो, तो उघडा.

पहिल्यांदा नावं बघा. सायट करणाऱ्या पेपरांवर पुन्हा त्याच लॅबची नावं किती वेळा येतात? एका प्रश्नावर सलग काम करणाऱ्याला आपलंच आधीचं काम सांगावं लागतं, त्यामुळे थोडी सेल्फ-सायटेशन साहजिक. पण ३० पैकी २० त्याच लॅबची असतील तर बाहेर त्या कामाची दखल नाही, असंच म्हणावं लागेल. त्याच चार-पाच नावांची टोळी एकमेकांना आळीपाळीने सायट करताना दिसली तरी तसंच.

मग परक्या लॅबचे तीन-चार पेपर उघडा आणि तो संदर्भ ज्या वाक्यात आला आहे ते वाक्य शोधा. "या जनुकावर पूर्वी काम झालेलं आहे" अशा वाक्यात पंधरा संदर्भांच्या गठ्ठ्यात आपला पेपर असेल, तर ती हजेरी. "अमुक यांनी दाखवलेल्या बंधनस्थळाचं आम्ही उत्परिवर्तन केलं आणि तसाच परिणाम मिळाला" असं वाक्य असेल, तर कुणीतरी त्या कामावर विश्वास ठेवून आपले सहा महिने घातले आणि ते खरं निघालं. असं एक वाक्य माझ्या लेखी गठ्ठ्यातल्या पन्नास सायटेशनपेक्षा मोलाचं. आणि "अमुक यांचा निष्कर्ष आम्हाला मिळाला नाही" असंही सापडेल. आकडा तिन्ही वेळा एकाने वाढतो.

प्रोफाइलवरच्या वर्षवार खांबांचा आकारही बघा. बहुतेक पेपर दोन-तीन वर्षांत वर जातात आणि उतरतात. काही मात्र झोपून राहतात. काटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा पेपर २००५ मध्ये इम्युनिटी या जर्नलात आला: चार लेखक, पहिलं नाव कारिको, शेवटचं वाइसमन. आरएनएतल्या न्यूक्लिओसाइडमध्ये फेरफार केला की पेशीची प्रतिकार यंत्रणा खवळत नाही, हे त्यांनी दाखवलं. २०२० मध्ये एमआरएनए लसी आल्या तेव्हा सगळं जग त्या पेपराकडे धावलं, आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधी १९९५ मध्ये कारिकोंची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदावनती झाली होती. २०१० च्या सुमाराला कुणी त्यांची चौकट बघून गाईड ठरवला असता तर त्यांचं नाव यादीत आलंच नसतं. अर्थात झोपलेला प्रत्येक पेपर असा जागा होत नाही, बरेचसे कायमचे झोपतात. म्हणूनच पेपर वाचायचा असतो.

याच्या उलटही घडतं. गो. ना. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायोलॉजीत दिलेला, प्रोटीनच्या साखळीत कोणते कोन शक्य आहेत ते दाखवणारा आलेख आज रामचंद्रन प्लॉट म्हणून पाठ्यपुस्तकात आहे. प्रोटीनची रचना पीडीबी या जागतिक संग्रहात जमा केली की तपासणी अहवालात रामचंद्रन आउटलायरची, म्हणजे त्या आलेखात न बसणाऱ्या भागांची, टक्केवारी येतेच. मूळ पेपर सायट करायची गरज आता फारशी कुणाला वाटत नाही.

गडबड आहे का ते बघून घ्या

पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरावर ठळक सूचना असते. अशा मागे घेतलेल्या पेपरांची रिट्रॅक्शन वॉचची नोंदसूची आता क्रॉसरेफमार्फत खुली आहे. पबपीअरवर नाव टाकलं की पेपरांवरच्या जाहीर शंका दिसतात. रेण्वीय जीवशास्त्रात शंका बहुधा चित्रांवर असतात: एकच वेस्टर्न ब्लॉट दोन वेगळ्या प्रयोगांसाठी, कधी आडवा फिरवून. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले, त्यातल्या ३.८ टक्क्यांत आक्षेपार्ह चित्रं सापडली.

एखादी शंका दिसली म्हणजे माणूस बाद असं नाही. लेखकांनी काय उत्तर दिलं ते वाचा: मूळ ब्लॉट दाखवला, चूक मान्य करून दुरुस्ती छापली, की नुसतं मौन? रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सेस आर्नल्ड यांनी निकाल पुन्हा मिळत नाहीत असं दिसल्यावर आपला २०१९ चा सायन्समधला पेपर २०२० च्या सुरुवातीला मागे घेतला आणि ते स्वतः जाहीर केलं. असं करणाऱ्या माणसाच्या हाताखाली मी डोळे मिटून काम करीन. चार-पाच पेपरांवर सारख्याच शंका आणि एकालाही उत्तर नाही, अशी लॅब मात्र सोडून द्या.

विद्यार्थ्याने आणखी काय बघावं

तक्त्यातल्या शेवटच्या नावाच्या पेपरांवरची पहिली नावं वेगळी लिहून काढा. हे तुमच्या आधीचे विद्यार्थी. लॅबच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असेल तर ती शेजारी ठेवा. दहा जणांनी पीएचडी केली आणि फर्स्ट ऑथर पेपर तिघांचेच, बाकीच्यांची नावं कायम मधे, असं चित्र असेल तर पाच वर्षांनी तुम्ही कुठल्या गटात असाल याचा विचार करा. यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असण्याची सक्ती काढली. पण पोस्टडॉकसाठी अर्ज करताना समोरचा माणूस पहिला तोच पेपर शोधतो.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात गाईडच्या नावाने प्रबंध सापडतात. संशोधन संस्थेतल्या विद्यार्थ्यांची पदवी बऱ्याचदा एखाद्या विद्यापीठाची असते, उदाहरणार्थ एनसीसीएसमधल्या अनेकांची पुणे विद्यापीठाची, तेव्हा विद्यापीठाच्या नावाखालीही शोधा. प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान जरूर वाचा. तिथे लोक औपचारिक लिहितात खरं, पण गाईडला चार ओळी आणि शेजारच्या लॅबमधल्या मॅडमना दीड पान असेल तर त्यातूनही काही कळतं.

पेपराच्या शेवटी निधीचा उल्लेख असतो. डीबीटी, एएनआरएफ किंवा इंडिया अलायन्ससारख्या निधी देणाऱ्या संस्थेचा प्रकल्प चालू आहे का आणि किती वर्षं उरली आहेत, ते मुलाखतीत विचारायला लाजू नका. अँटिबॉडीच्या एका कुपीला किती हजार लागतात हे सगळ्यांनाच माहीत आहे.

मग लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा, शक्यतो कँपसबाहेर चहाला. "सर कसे आहेत?" विचारलंत तर "चांगले आहेत" एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: पेपरचा पहिला मसुदा कोण लिहितं, दिलेला मसुदा किती दिवसांनी परत येतो, ऑथरची रांग कधी ठरते, आणि प्रयोग फसला तर लॅब मीटिंगमध्ये काय होतं.

शेवटी गाईडना मेल. "आपले कार्य प्रेरणादायी आहे" हे वाक्य त्यांनी हजारदा वाचलेलं असतं. तुम्ही वाचलेल्या पेपरातल्या एका विशिष्ट आकृतीबद्दल दोन ओळी लिहा, तिच्यावरून पडलेला एक खरा प्रश्न विचारा, स्वतःच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टबद्दल तीन ओळी जोडा आणि सीव्ही पीडीएफमध्ये लावा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या. निकालानंतरच्या महिन्यात असे मेल त्यांच्याकडे ढिगाने येतात आणि त्यात चांगलेही खाली दबून जातात.